दारं धरणारी जाळी

लिओ फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती. १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. वादक मंडळी आपापले बिघडलेले ॲम्प्लिफायर घेऊन दुकानात येऊ लागली आणि त्या दुरुस्तीच्या वाटेने फेंडर गिटारपर्यंत पोचले. टेलिकास्टर, स्ट्रॅटोकास्टर ही नावं पुढे जगभर गेली, तरी त्यांची नजर रेडिओ मेकॅनिकचीच राहिली. मागची फळी काढली की आतलं सगळं दिसलं पाहिजे, बिघडलेला भाग चटकन सापडला पाहिजे आणि साध्या हत्यारांनी बदलता आला पाहिजे.

या नजरेतून पन्नासच्या दशकात तयार झालेला सगळ्यांत लहान ॲम्प्लिफायर म्हणजे ‘चॅम्प’. शिकाऊ वादकांसाठी, घरच्या सरावासाठी केलेला. त्याच्या एका आवृत्तीचा क्रमांक ५एफ१. यातला पाच म्हणजे पन्नासचं दशक, एफ म्हणजे सर्किटची सहावी आवृत्ती आणि एक हा चॅम्प मॉडेलचा आकडा. तीन व्हॉल्व्ह, आठ इंची एक स्पीकर, आवाज कमीजास्त करायचं एकच बटण, आणि ताकद सुमारे पाच वॅट. आज घरी बांधण्यासाठी किटच्या रूपात मिळणाऱ्या गिटार ॲम्प्लिफायरांत हेच सर्किट ठिकठिकाणी दिसतं. मी बांधला तोही हाच.

पाठ्यपुस्तकात ज्याला निर्वात नलिका म्हणतात, त्याला अमेरिकेत ट्यूब म्हणतात. आपल्याकडच्या रेडिओवाल्यांनी इंग्रजांचा शब्द उचलला आणि ‘व्हॉल्व्ह’ म्हटलं. मला हा शब्द जास्त आवडतो, कारण ती वस्तू काय काम करते ते तो सांगतो. व्हॉल्व्ह म्हणजे झडप. वाहणाऱ्याला वाट द्यायची किंवा अडवायचं, एवढंच तिचं काम.

ॲम्प्लिफायरबद्दल एक गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की तो दूर झाल्याशिवाय पुढचं काही नीट कळत नाही. आपल्याला वाटतं, गिटारमधून आलेला बारीक आवाज आत शिरतो, फुगत जातो आणि मोठा होऊन बाहेर पडतो. तसं होत नाही. गिटारमधून आलेला संदेश आहे तेवढाच राहतो आणि आतच संपतो. स्पीकर हलवणारी सगळी ताकद भिंतीतल्या प्लगमधून येते. गिटारचा संदेश त्या ताकदीला फक्त वळण देतो.

उसाला किंवा गव्हाला पाटाचं पाणी देताना रात्री जो माणूस शेतात दारं धरतो, त्याला आठवून पाहा. पाणी त्याने आणलेलं नसतं. ते कालव्यातून, नाहीतर विहिरीवरच्या मोटरीतून आपल्या जोराने येत असतं. हा माणूस खोऱ्याने थोडी माती इकडे ओढतो, थोडी तिकडे लोटतो, आणि तेवढ्याने सबंध पाटाचं पाणी या सरीतून त्या सरीत जातं. व्हॉल्व्हमध्ये अशी दारं धरायचं काम एक बारीक तारेची जाळी करते.

काचेच्या नळीतली हवा जवळजवळ पूर्ण काढून टाकलेली असते. मधोमध कॅथोड नावाची नळी, तिच्यावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पांढरा लेप, आणि तिच्या आत तापणारी तार. तार लाल झाली की लेपातून इलेक्ट्रॉन सुटू लागतात. बाहेरच्या बाजूला धातूचा पत्रा असतो, त्याला प्लेट म्हणतात. प्लेटला शे-दीडशे किंवा तीनशे व्होल्टचा धन दाब दिला की हे ऋण भाराचे इलेक्ट्रॉन तिकडे धाव घेतात. जाळी असते या दोघांच्या मध्ये, कॅथोडच्या अगदी जवळ. ती कॅथोडपेक्षा किंचित ऋण ठेवलेली असते, म्हणून इलेक्ट्रॉन तिच्यावर बसत नाहीत, तिच्या फटींतून निघून जातात. जाळी थोडी अधिक ऋण झाली की प्रवाह आटतो, थोडी कमी ऋण झाली की वाढतो. जाळी स्वतः जवळजवळ काहीच विद्युतप्रवाह घेत नाही. गिटारच्या तारेखालच्या चुंबकाभोवती केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात, आणि तार थरथरली की त्यांत व्होल्टचा एखादा दशांश कसाबसा उपजतो. एवढ्या अशक्त हाताला जमेल असं एकच काम आहे, आणि ते म्हणजे दारं धरणं.

तापलेल्या तारेतून काहीतरी बाहेर पडतं, हे एडिसनच्या प्रयोगशाळेत १८८० च्या सुमारास दिसलं होतं. त्याचा उपयोग लंडनच्या जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये केला. त्यांच्या नळीत कॅथोड आणि प्लेट एवढंच होतं, म्हणून ती प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देई, त्यापलीकडे काही नाही. मधली जाळी घातली अमेरिकेच्या ली डी फॉरेस्ट यांनी, १९०६ मध्ये. लांब पल्ल्याचा टेलिफोन, रेडिओ, बोलपट, सुरुवातीचे संगणक या सगळ्यांना त्या जाळीने वाट करून दिली. १९४७ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये ट्रान्झिस्टर जन्मला आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत बहुतेक ठिकाणांहून व्हॉल्व्ह हद्दपार झाला. गिटारवाल्यांनी मात्र त्याला सोडलं नाही. त्याचं कारण पुढे येईल.

किटचा खोका उघडताना आधी हाताला लागतं ते वजन, आणि ते सगळं दोन ट्रान्सफॉर्मरांचं असतं. एक वीजपुरवठ्याचा, एक स्पीकरचा. मग पोलादी पत्र्याचं चॅसी, भागांचे पाय बसवण्यासाठी छिद्रांची काळी फायबरची पट्टी, आठ पायांचे दोन आणि नऊ पायांचा एक सॉकेट, कापडी आवरणाची तार आणि छोट्या पिशव्या. मोजून पाहिलं तर सर्किटचे रेझिस्टर डझनभर आणि कपॅसिटर सहा. खिशातल्या फोनमधल्या चिपांत अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात आणि त्यांतला एकही आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही. इथे सगळे भाग एका ताटलीत मावतात, आणि प्रत्येकाला विचारता येतं, तू इथे का आहेस? मला या कामाचं सगळ्यांत मोठं आकर्षण हेच वाटतं. ज्याला उत्तर देता येणार नाही असा एकही भाग त्यात नाही.

आपल्याकडे किट मागवताना एक गोष्ट आधीच पाहावी लागते. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असते. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तिथला ट्रान्सफॉर्मर इथे सरळ लावला तर तो जळणारच. बाहेरून दाब उतरवणारा दुसरा ट्रान्सफॉर्मर लावला तरी, फक्त ६० हर्ट्झसाठी काटेकोर बेतलेला लोखंडी गाभा ५० हर्ट्झवर जास्त तापतो. म्हणून २३० किंवा २४० व्होल्टची वेगळी टोकं असलेला, दोन्ही वारंवारतांना चालणारा ट्रान्सफॉर्मरच मागवावा. रेझिस्टर-कपॅसिटर कमी पडले तर काळजी नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात पासोड्या विठोबाचा परिसर आहेच. व्हॉल्व्ह मात्र आता स्लोव्हाकिया, रशिया किंवा चीनमधून येतात. एके काळी ते बंगळुरूला भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही बनत. काचेवर बीईएल ही अक्षरं असलेले जुने व्हॉल्व्ह अजून कुठेकुठे मिळतात.

आता गिटारच्या जॅकपासून बोट ठेवून निघू. संदेश ६८ हजार ओहमच्या एका रेझिस्टरमधून पहिल्या व्हॉल्व्हच्या जाळीवर येतो. या व्हॉल्व्हचं नाव १२एएक्स७; युरोपात आणि आपल्या जुन्या रेडिओत त्यालाच ईसीसी८३ म्हणतात. एका काचेत दोन स्वतंत्र व्हॉल्व्ह, जुळ्या खोल्यांसारखे. पहिल्या खोलीची जाळी दहा लाख ओहमच्या रेझिस्टरने जमिनीला, म्हणजे चॅसीला, बांधलेली असते आणि कॅथोड दीड हजार ओहमच्या रेझिस्टरवर उभा असतो. व्हॉल्व्हमधून जेमतेम एक मिलिअँपिअर वाहतो. दीड हजार ओहममधून तो वाहिला की कॅथोड जमिनीपेक्षा सुमारे दीड व्होल्ट वर चढतो. जाळी शून्यावरच आहे, म्हणजे कॅथोडच्या मानाने ती आपोआप दीड व्होल्ट ऋण झाली. प्रवाह काही कारणाने वाढला तर कॅथोड आणखी चढतो, जाळी तेवढी जास्त ऋण होते आणि प्रवाह खाली येतो. एका क्षुल्लक रेझिस्टरने व्हॉल्व्हला स्वतःचा तोल सांभाळायला शिकवलं. हे मला पहिल्यांदा कळलं त्या रात्री मी कागदावर तीच आकडेमोड पुन्हा पुन्हा करून पाहत बसलो होतो.

प्लेटच्या वर एक लाख ओहमचा रेझिस्टर असतो. जाळीच्या इशाऱ्यावर प्रवाह हलला की या रेझिस्टरवरचा दाब हलतो, आणि तोच आपला मोठा झालेला संदेश. या टप्प्यावर तो सुमारे तीसपट होतो, आणि होतो उलटा: जाळी वर गेली की प्लेट खाली येते. हा उलटेपणा ध्यानात ठेवायचा, पुढे त्याने मला चांगलाच धडा दिला.

प्लेटवर कायमचा दीडशे-पावणेदोनशे व्होल्टचा दाब असतो. तो पुढे जाता कामा नये, फक्त त्यावरची थरथर गेली पाहिजे. ०.०२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ते करतो. मग आवाजाचं बटण, मग जुळ्यातली दुसरी खोली, पुन्हा तसाच एक कपॅसिटर आणि मग मोठा व्हॉल्व्ह, ६व्ही६. हा तीसच्या दशकातला गडी. रेडिओत स्पीकर चालवायला केलेला. त्याच्या कॅथोडखाली ४७० ओहम. त्यावर १९ व्होल्ट मोजले तर १९ भागिले ४७०, म्हणजे ४० मिलिअँपिअर वाहताहेत. प्लेटवर ३४० व्होल्ट असले तर हा व्हॉल्व्ह गप्प बसलेला असतानाही बारा वॅटच्या आसपास उष्णता ओकत असतो. त्यात तीनही व्हॉल्व्हच्या तापणाऱ्या तारांचे पंधरा वॅट मिळवा. भिंतीतून चाळीसेक वॅट घ्यायचे तेव्हा कुठे पाच वॅट आवाज हाती येतो. काटकसरीच्या हिशेबात हे बसत नाही हे खरं.

पाच वॅट ऐकून कोणाला हा खेळ वाटेल. पण आपला कान पटीत ऐकतो. ताकद दसपट झाली की आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे पन्नास वॅटचा ॲम्प्लिफायर याच्या फक्त दुप्पट मोठा वाटेल. फ्लॅटच्या खोलीत पाच वॅट पूर्ण सोडले तर वरच्या मजल्यावरचे काका खाली येतात.

६व्ही६ ला जास्त दाब आणि कमी प्रवाह देता येतो. स्पीकरला नेमकं उलटं हवं असतं. व्हॉल्व्हला समोर पाचेक हजार ओहम दिसायला हवेत आणि स्पीकर तर चार ओहमचा. ही सोयरीक दुसरा ट्रान्सफॉर्मर जुळवतो. पाच हजार आणि चार यांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ काढलं की पस्तीस येतात. वेढ्यांचं प्रमाण तेवढं, पस्तीसास एक. स्पीकर न जोडता हा ॲम्प्लिफायर कधी चालू करायचा नसतो, कारण ट्रान्सफॉर्मरमध्ये साठलेल्या ऊर्जेला बाहेर पडायला वाट राहिली नाही तर दाब भलताच चढतो आणि आतलं इन्सुलेशन फुटतं.

राहिला तिसरा व्हॉल्व्ह, ५वाय३. तो संदेशाला हातही लावत नाही. भिंतीतून येणारी उलटसुलट वीज एका दिशेची करणं, हे फ्लेमिंगच्या नळीचं मूळ काम तो करतो. त्याच्यापुढे तीन कपॅसिटर उरलेली खळबळ शांत करतात, टाकीत पाणी निवळावं तशी. व्हॉल्व्ह रेक्टिफायरमुळे वाजवताना दाब दबतो आणि आवाज लवचीक होतो असं पुष्कळदा ऐकू येतं. मोठ्या, दोन पॉवर व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरांत ते खरं आहे. चॅम्पमध्ये मात्र ६व्ही६ वाजताना आणि गप्प असताना जवळजवळ सारखाच प्रवाह ओढतो, त्यामुळे इथे त्या दबण्याला फारशी जागाच नाही. चॅम्पच्या गोडव्याचं श्रेय दुसरीकडे द्यायला हवं.

बांधणीचं काम मला चार रविवार पुरलं. घाई करायची नाही एवढाच नियम. प्रत्येक रेझिस्टर लावण्याआधी मीटरवर मोजायचा, रंगांवर विसंबायचं नाही. तपकिरी-काळा-पिवळा म्हणजे एक लाख आणि तपकिरी-काळा-हिरवा म्हणजे दहा लाख. पिवळ्या बल्बच्या उजेडात या दोन पट्ट्या एकमेकींसारख्या दिसतात. सोल्डर करताना आधी जोड तापवायचा, मग त्या तापलेल्या जोडाला सोल्डरची तार लावायची. ती पाण्यासारखी पसरली पाहिजे. सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर थेंब घेऊन तो जोडावर चिकटवला की वरून गोळा छान दिसतो आणि आत तार सुटीच राहते. रेडिओवाले त्याला ड्राय सोल्डर म्हणतात. तो सहा महिन्यांनी कुरकुर करू लागतो आणि शोधता शोधता जीव मेटाकुटीला येतो. म्हणून तार आधी भोकात वळवून घट्ट बसवायची. जोड आधी यांत्रिक, मग विजेचा.

५वाय३ सोडून बाकी दोन व्हॉल्व्हच्या तापणाऱ्या तारांकडे ६.३ व्होल्टची उलटसुलट वीज जाते. त्या दोन वायरींना वेणीसारखा घट्ट पीळ घालून चॅसीच्या कडेने न्यायचं. दोन्हींतून एकाच वेळी विरुद्ध दिशेने प्रवाह जातो आणि पिळामुळे त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खातात. पीळ सैल राहिला की स्पीकरमध्ये हं लागते. ही हं ओळखायला कान पुरतो. ५० हर्ट्झची असेल तर तारांच्या वायरिंगची. १०० हर्ट्झची, म्हणजे बरोबर एक सप्तक वरची असेल तर वीज गाळणाऱ्या कपॅसिटरांची, कारण ५वाय३ लाटेच्या दोन्ही बाजू वापरतो आणि लहरी दुप्पट होतात. तंबोरा लावणाऱ्या माणसाला हा फरक सांगावा लागणार नाही.

एक गोष्ट इथे स्पष्ट शब्दांत सांगायला हवी. या चॅसीत साडेतीनशे व्होल्ट असतात आणि ते जीव घेऊ शकतात. प्लग काढला तरी कपॅसिटरांमध्ये ते साठून राहतात. किती वेळ, ते सर्किटवर अवलंबून. चॅसीत बोट घालण्याआधी प्लग बाहेर, मग मोठ्या रेझिस्टरमधून कपॅसिटर रिकामे करायचे, मग मीटर लावून शून्य आल्याची खात्री. चालू सर्किट मोजताना एक हात पाठीमागे किंवा खिशात. दोन्ही हात आत गेले तर झटक्याची वाट छातीतून जाते. पन्नासच्या दशकातल्या मूळ चॅम्पला दोनच पिनांचा प्लग होता. त्याची हुबेहूब नक्कल करण्याच्या हौसेपायी हे मात्र उचलू नये. तीन पिनांचा प्लग आणि चॅसीला पक्कं अर्थिंग हवंच. ज्याला मीटर धरायची सवय नाही त्याने पहिलं किट कोणा जाणत्याला शेजारी बसवून बांधावं.

पहिल्यांदा वीज देताना मी आपल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांत असतो तसा सिरीज बोर्ड वापरला. शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब ॲम्प्लिफायरच्या वाटेत एकसर जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर सगळा दाब बल्बवर पडतो, तो भक्क पेटतो आणि बाकीचं सगळं वाचतं. माझा बल्ब क्षणभर उजळला, मग मंदावत मंदावत तांबूस झाला. तीन काचांत तीन ठिणग्या दिसू लागल्या. मग बल्ब काढून थेट वीज दिली आणि आकडे लिहीत गेलो. मोठ्या व्हॉल्व्हची प्लेट ३४२, कॅथोड १८.८. पहिल्या व्हॉल्व्हची प्लेट १६०, कॅथोड १.३५. कागदावर काढलेले आकडे आणि काट्यावरचे आकडे जवळजवळ तेच. जिथे दीड हजार ओहम लिहिलेत तिथे खरोखर पाऊण-एक मिलिअँपिअर वाहतोय हे मीटरवर पाहताना अंगावर काटा आला.

मग गिटार लावली, बटण अर्ध्यावर नेलं, आणि स्पीकरमधून कर्कश किंकाळी आली. तारेला हात न लावता. बटण मागे घेतलं तरी ती थांबेना. मी प्लग ओढून काढला आणि तासभर चॅसीकडे पाहत बसलो.

कारण त्या उलटेपणात होतं. चॅम्पमध्ये स्पीकरच्या टोकावरून थोडा संदेश २२ हजार ओहममधून मागे आणून दुसऱ्या खोलीच्या कॅथोडला दिलेला असतो. त्याचं काम शिस्त लावण्याचं. स्पीकरवर जे उमटलं ते आत आलेल्याशी ताडून पाहायचं आणि जास्तीचं झालं असेल तेवढं कापायचं. पण यासाठी मागे येणारा संदेश योग्य बाजूने आला पाहिजे. माझ्या स्पीकर ट्रान्सफॉर्मरच्या व्हॉल्व्हकडच्या दोन तारा अदलाबदल झाल्या होत्या. त्यामुळे कापण्याऐवजी भर पडत होती, भरीत आणखी भर, आणि शेवटी ॲम्प्लिफायर स्वतःच गायला लागला होता. कपॅसिटर रिकामे केले, मीटरवर शून्य पाहिलं, दोन तारा काढून जागा बदलल्या. सोल्डरिंग आयर्न तापायला लागला तेवढाच वेळ. पुन्हा वीज दिली. या वेळी शांतता होती, आणि शांततेच्या तळाशी अगदी मंद हं. एक वाळलेली लाकडी काडी घेऊन मी पहिल्या व्हॉल्व्हकडे जाणारी वायर चॅसीच्या पत्र्याला चिकटवली तशी तीही जवळजवळ गेली.

आता आवाजाकडे येऊ. बटण खाली असताना चॅम्प स्वच्छ, घंटेसारखा वाजतो. बटण वर जाऊ लागलं की ६व्ही६ च्या जाळीवर येणारी लाट एकोणीस व्होल्टच्या सीमेला भिडते. वरच्या बाजूला जाळी कॅथोडहून धन होऊ पाहते, इलेक्ट्रॉन तिच्यावरच बसू लागतात आणि लाटेचा माथा चेपतो. खालच्या बाजूला प्रवाह आटत आटत थांबतो आणि लाटेचा तळ सपाट होतो. दोन्ही बाजू सारख्या चेपत नाहीत. या विषम चेपण्यातून मूळ स्वराच्या दुप्पट वारंवारतेचा स्वर उपजतो, म्हणजे तार सप्तकातला तोच षड्ज. आणि तिपटीचा, म्हणजे त्याच्याही वरचा पंचम. तार तीच, स्वर तोच, पण त्याला अंग येतं.

मिरजेच्या कारागिरांनी तंबोऱ्याच्या घोडीवर जी जवारी काढलेली असते तिच्याशी मला याचं नातं वाटतं. घोडीचा माथा घासून असा आणायचा, तारेखाली सुताचा दोरा असा सरकवायचा, की तार कंप पावताना घोडीला हळूच टेकत-सुटत राहील आणि षड्जातून वरचे स्वर फुलून येतील. शुद्ध कंप घेणारी तार तिथे मुद्दाम अडखळवलेली असते. इथे तेच अडखळणं काचेच्या नळीत होतं. म्हणून गिटारवादक ॲम्प्लिफायरला वाद्याचा भाग समजतात. १९७० मध्ये मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत ‘लैला’ हा अल्बम झाला तेव्हा एरिक क्लॅप्टन आणि डुएन ऑलमन यांनी मोठाल्या ॲम्प्लिफायरांऐवजी छोटे फेंडर वापरले, आणि त्या संदर्भात चॅम्पचं नाव कायम घेतलं जातं. लहान ॲम्प्लिफायर आपल्या सीमेला लवकर पोचतो, खोलीच्या भिंती न हादरवता पोचतो, आणि मायक्रोफोनला तेच हवं असतं.

वाजवताना मला सगळ्यांत नवल वाटतं ते हाताच्या दाबाचं. तार हळू छेडली तर स्वर निर्मळ येतो. तीच तार जोरात छेडली तर तो मोठा फारसा होत नाही, दाटतो. बटणाला हात न लावता फक्त बोटांनी निर्मळ आणि खरखरीत यांच्या मधली जागा शोधता येते. त्या वेळी डोळ्यांसमोर जाळी असते, आणि तिच्यापाशी गर्दी केलेले इलेक्ट्रॉन.

ॲम्प्लिफायर झाल्यावर महिन्याभराने माळ्यावरचा आजोबांचा रेडिओ खाली काढला. लाकडी पेटी, कापडाची जाळी, मुका होऊन वीसेक वर्षं झालेली. लहानपणी तो लावला की अर्धा मिनिट काहीच ऐकू येत नसे, मग खोल विहिरीतून यावा तसा आवाज वर येई. आजोबा म्हणत, थांब, गरम होऊ दे त्याला. मागचा पुठ्ठा काढला आणि टॉर्च आत मारला. डाव्या हाताला ईझेड८०, म्हणजे इथला ५वाय३. त्याच्या शेजारी ईएल८४, म्हणजे ६व्ही६ च्या जागचा गडी. त्याच्या मागे छोटा स्पीकर ट्रान्सफॉर्मर, आणि दोन व्हॉल्व्हच्या मधे मेणाचा एक फुगलेला कपॅसिटर, ज्याच्या पोटाला चीर पडली आहे. दाब अडवून फक्त थरथर पुढे सोडायची, ते काम त्याच्याकडे होतं. नवीन कपॅसिटर आणला आहे. सिरीज बोर्डही परत टेबलावर काढून ठेवला आहे.